बंद वाहनाची व्याख्या

गाडी बंद आहे, हे विकणाऱ्याने मला स्वच्छ शब्दांत सांगितले होते. या संपूर्ण प्रकरणात खोटे बोलण्याचा आरोप कोणावर ठेवायचाच असेल तर तो माझ्यावर ठेवावा लागेल, कारण घरी आल्यावर मी त्या वाक्यात एक शब्द वाढवला. मी म्हणालो, "गाडी फक्त बंद आहे."

विकणारे गृहस्थ छायाचित्रकार होते. त्यांच्या दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी होती. टपावर निळ्या आकाशाचा रंगवलेला पडदा गुंडाळून ठेवलेला, मागच्या आसनावर प्लास्टरचे दोन खांब आडवे. "अकरा वर्षं बंद आहे," ते म्हणाले, "पण बंद पडेपर्यंत एकदाही बंद पडली नाही." हे विधान मी मनात तीन वेळा तपासून पाहिले. त्यात तर्कदोष नव्हता. त्या आठवड्यात माझ्या कानांवर पडलेले ते एकमेव निर्दोष विधान होते, आणि त्या आनंदात मी व्यवहार पक्का केला.

येथे माझ्या व्यवसायाचा उल्लेख आवश्यक आहे. मापनयंत्रे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत गेली सव्वीस वर्षे मी थर्मामीटर खरे बोलतात की नाही हे पाहतो. बहुतेक बोलत नाहीत. अशा कामामुळे माणसाचा स्वभाव संशयी होतो असे लोक म्हणतात. त्या म्हणण्याला पुरेसा पुरावा मला अद्याप मिळालेला नाही.

"आपल्याकडे एक गाडी आहे," पत्नी म्हणाली. "ती चालते."

"म्हणूनच दुसरी."

"पहिली चालते म्हणून दुसरी न चालणारी हवी?"

"ती चालणार आहे. मी दुरुस्त करणार आहे."

एवढ्यात दारावरची घंटा वाजली. पत्नी दार उघडायला निघाली आणि अर्ध्या वाटेवरून परत आली, कारण सासूबाईंनी दूध काढायला फ्रीज उघडला होता. ती घंटा मी दोन वर्षांपूर्वी दुरुस्त केली आहे. तेव्हापासून ती फ्रीज उघडल्यावर वाजते. बटण दाबल्यावर वाजत नाही, हे खरे. पण पूर्वी ती कशानेच वाजत नव्हती, हे कोणी लक्षात घेत नाही. मिक्सरबाबतही असाच गैरसमज आहे. माझ्या दुरुस्तीनंतर तो झाकण काढल्यावरच चालतो. त्याचे झाकण तेव्हापासून ओट्याच्या कडेला, निवृत्तीवेतनाशिवाय निवृत्त झाल्यासारखे पडून असते.

पत्नी परत येऊन समोर बसली. आवाज शांत होता, आणि तिचा शांत आवाज मला कोणत्याही उपकरणापेक्षा अधिक नेमकेपणाने वाचता येतो.

"एक महिना," ती म्हणाली. "महिन्याभरात तुम्ही ती गाडी चालू केलीत तर मी कधी काही बोलणार नाही. नाही केलीत, तर हत्यारांची पेटी माझ्या ताब्यात. मग या घरातल्या एकाही वस्तूचा एकही स्क्रू तुम्ही फिरवायचा नाही. चष्म्याचासुद्धा."

"चष्मा ही वैयक्तिक—"

"चष्म्याचासुद्धा."

मी मान्य केले. ती पेटी मी नोकरीच्या पहिल्या महिन्यात घेतली होती. तिच्यातला प्रत्येक पाना त्याच्या आकाराच्या खाचेत बसतो, आणि जगात आपापल्या जागी बसणाऱ्या गोष्टी फार थोड्या आहेत.

गाडी दोरीने ओढून इमारतीच्या फाटकापर्यंत आणली तेव्हा फाटकात मास्तर उभे होते. मास्तर म्हणजे आमच्या इमारतीचे सचिव. त्यांनी चौतीस वर्षे शाळेत व्याकरण शिकवले, आणि निवृत्तीनंतर तीच शिक्षा आम्हा बारा कुटुंबांना चालू आहे. त्यांच्या हातात नियमावली होती आणि बोट नियम चौदावर होते.

"'आवारात बंद वाहन ठेवता येणार नाही,'" त्यांनी वाचले.

"मास्तर, बंद म्हणजे काय?"

अन्य कोणी हा प्रश्न ऐकून चिडला असता. मास्तरांचा चेहरा उजळला. "बंद हे विशेषण आहे. जे चालू नाही ते."

"आणि जे उघडे नाही तेही. ही गाडी पाहा. हिचे मागचे डावे दार बंदच होत नाही. मग हे बंद वाहन कसे?"

मास्तरांनी दार ओढून पाहिले. ते लागले नाही. त्यांनी ढकलून पाहिले. ते सावकाश उघडले आणि मास्तरांच्या गुडघ्याला लागले. तळमजल्यावरचे दंतवैद्य अंगणातून हे पाहत होते. आवारातली गाड्या लावण्याची तेरावी, रिकामी जागा त्यांना त्यांच्या दुसऱ्या गाडीसाठी हवी होती, आणि दिवसाआड ते ती पावलांनी मोजत असत. ते म्हणाले, "मास्तर, शब्दांत अडकू नका. दात किडलेला आहे, काढून टाका."

नेमके हेच वाक्य मला उपयोगी पडले. शब्दांत अडकू नका असे मास्तरांना सांगणे म्हणजे माशाला पाण्यात अडकू नकोस म्हणण्यासारखे होते. ते दंतवैद्यांकडे पाठ करून मला म्हणाले, "व्याख्या लिहून द्या. महिनाअखेरच्या रविवारी सकाळी दहा वाजता त्या व्याख्येप्रमाणे तपासणी होईल. तोवर जागा तुमची. तपासणीला उतरली नाही तर गाडी भंगारात आणि जागा डॉक्टरांना."

व्याख्या लिहिणे हा माझ्या नोकरीचा अर्धा भाग आहे. बॉनेटवर कागद ठेवून मी लिहिले: 'चालू वाहन म्हणजे असे वाहन, जे चालकाच्या इच्छेने चालू होते, स्वतःच्या इंजिनाच्या बळावर आवाराला एक फेरी मारून जागेवर परत येते, आणि तेथे चालकाच्या इच्छेने बंद होते.' शेवटचा तुकडा कोणी मागितला नव्हता. व्याख्या अपुरी राहू नये एवढ्याच भावनेने मी तो जोडला. माझ्या आयुष्यातील बहुतेक आपत्ती अशाच, मागितलेल्यापेक्षा थोडे अधिक अचूक लिहिल्याने आल्या आहेत.

मध्यंतरी गाडी माझ्या नावावर करण्यासाठी वाहन कार्यालयातही गेलो. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "गाडी दाखवायला आणा." मी म्हणालो, ती चालत नाही, ओढून आणतो. त्या म्हणाल्या, "ओढून आणलेली गाडी म्हणजे वाहन नाही, माल. मालाची खिडकी शेजारी." शेजारच्या खिडकीतल्या गृहस्थांनी कागद पाहिले आणि म्हणाले, "हिला तर नंबर आहे. नंबर असलेली वस्तू म्हणजे वाहन. शेजारी." त्या दोन खिडक्यांमधले अंतर एक मीटर वीस सेंटिमीटर असून ते मी अकरा वेळा पार केले. तो अर्ज अद्याप तेथेच आहे. बहुधा दोन्ही खिडक्यांच्या मध्ये.

आता माझ्या पद्धतीबद्दल. इंजिनाला तीन गोष्टी लागतात: इंधन, हवा आणि ठिणगी. ते सुरू होत नसेल तर या तिन्हींपैकी कोठेतरी बिघाड आहे, आणि तो शोधण्याचा एकच विश्वासार्ह मार्ग म्हणजे एका वेळी एकच बदल. बदल करावा, निकाल पाहावा, नोंदवावा, आणि पुढच्या प्रयोगाआधी सर्व काही मूळ स्थितीत आणावे. मूळ स्थिती हा शब्द मी वहीत लाल शाईने लिहिला.

पहिल्या रविवारी कार्ब्युरेटर उघडला. इंधन सोडणाऱ्या बारीक छिद्रात तपकिरी रंगाचा गाळ घट्ट बसला होता. तो सुईने काढला, सर्व जोडले, गाडी सुरू करून पाहिली. झाली नाही. वहीत लिहिले: 'प्रयोग तीन. छिद्र स्वच्छ. निकाल: बंद.' मग मूळ स्थिती. तो गाळ मी कागदाच्या पुडीत जपून ठेवला होता. चिमट्याने तो पुन्हा छिद्रात भरला.

दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून सासूबाई हे पाहत होत्या. "जावईबापू," त्यांनी विचारले, "काय भरताय?"

"घाण, आई."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

दुसऱ्या रविवारी ठिणगी देणारी कॉइल बदलली. नवी बसवली. गाडी सुरू झाली नाही. 'प्रयोग सात. निकाल: बंद.' नवी काढली, जुनी परत लावली. याच वेळी दंतवैद्य पाहणीला आले. "मुळाशी जा," ते म्हणाले. "वरवर घासून काही होत नसतं. ही वायर कसली?" आणि त्यांनी ती बोटाने धरली. मी त्या क्षणी सवयीने किल्ली फिरवत होतो. नंतर ते पंधरा दिवस सल्ला द्यायला आले नाहीत. माझ्या सर्व प्रयोगांतला निर्विवादपणे यशस्वी असा हाच एक. त्या जुन्या कॉइलमध्ये दंतवैद्यांपुरती वीज होती, इंजिनापुरती नव्हती, हा निष्कर्ष तेव्हाच काढता आला असता. पण वहीत 'दंतवैद्य' असा रकाना नव्हता.

शेजाऱ्यांचे सल्ले मात्र थांबले नाहीत. विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या काकांच्या मते गाडीला प्रेमाने बोलावे लागते. प्रेम कोणत्या एककात मोजायचे, असे मी विचारले. ते रागावून गेले. समोरच्या शिंपिणबाई म्हणाल्या की त्यांचे मशीन अडले की त्या ते तोंड भिंतीकडे करून ठेवतात. मी गाडीचे तोंड भिंतीकडे होते तसेच राहू दिले; त्या समजल्या, सल्ला मानला.

असे करत सतरा प्रयोग झाले आणि सतरा वेळा 'बंद' लिहून झाले. तपासणीच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी जेवणाच्या टेबलाशी वही उघडून बसलो होतो. पत्नीने कपाटाचा एक खण रिकामा केला होता. आकार पेटीएवढा होता.

सासूबाई चहा घेऊन समोर बसल्या. "आमच्याकडे एकदा दिवा लागत नव्हता," त्या म्हणाल्या. "तुमच्या सासऱ्यांनी बल्ब बदलला. नाही लागला. मग म्हणाले, बल्ब चांगलाच असणार, आणि जुना परत लावला. मग फ्यूज बदलला. तरी नाही. म्हणून फ्यूज जुना बसवला. मग चार दिवस भिंत फोडून वायर बघत होते."

"मग?"

"मग ते बाजारात गेले तेव्हा मी दोन्ही एकदम बदलले. दोन्ही गेले होते."

मी वहीकडे पाहिले. प्रयोग तीन. प्रयोग सात. चिमट्याने परत भरलेला गाळ माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. सव्वीस वर्षे मी या पद्धतीवर माणसे घडवली आहेत. बिघाड सौजन्याने एकटाच येतो, असे मला कोणी सांगितले होते, हे मला आजही आठवत नाही.

"सासऱ्यांना सांगितलंत?"

"नाही हो. मरेपर्यंत त्यांना वाटत होतं, भिंत फोडल्यामुळे लागला."

हाताशी एकच संध्याकाळ होती, आणि एका प्रयोगाला माझ्या पद्धतीने पाच तास लागतात. मी स्वाभिमान घडी घालून खिशात ठेवला आणि नाक्यावरच्या मिस्त्रींना बोलावले. काम घेताना ते नेहमी एकच वाक्य बोलतात. "दोन बिघाड आहेत," मी म्हणालो. "छिद्र आणि कॉइल."

मिस्त्रींनी इंजिनाकडे न पाहता मान हलवली. "होऊन जाईल."

"फक्त तेवढेच बदला. बाकी कशालाही हात—"

"होऊन जाईल, साहेब."

रविवारी सकाळी मी खाली आलो तेव्हा मिस्त्रींनी नऊ गोष्टी बदलल्या होत्या. मी मोजल्या. हवा गाळणारा डबा काढून गुलाबाच्या वाफ्यात ठेवला होता. किल्लीखालून दोन वायरी लोंबत होत्या आणि त्यांना काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. नेमके कशामुळे काय झाले हे आता विश्वात कोणालाही कधीच कळणार नव्हते. मी काही बोलणार एवढ्यात त्यांनी खालचे एक बटण दाबले आणि अकरा वर्षांनंतर गाडी सुरू झाली.

तो आवाज पत्र्याच्या पेटीत खडे हलवल्यासारखा होता, आणि मला तो कोणत्याही गायनाहून गोड वाटला.

"फेरी होईपर्यंत बंद करू नका," मिस्त्री म्हणाले, आणि दुसऱ्या कामावर गेले.

दहा वाजता मास्तर व्याख्येचा कागद घेऊन आले. बारा कुटुंबे अंगणात, जी अंगणात नव्हती ती बाल्कनीत. मी गाडी काढली. पहिल्या वळणावर मागचे डावे दार उघडले आणि दंतवैद्यांच्या कुंड्यांची एक रांग घेऊन गेले. दुसऱ्या वळणावर ते आपोआप लागले. नियम चौदाच्या दृष्टीने हा गंभीर क्षण होता, पण तिसऱ्या वळणावर पुन्हा उघडले. ब्रेक होते, परंतु ते सूचनेच्या स्वरूपाचे होते. जागेवर परतल्यावर गाडी पुढच्या विटेला टेकून थांबली. काकांनी टाळ्या वाजवल्या. मी बाल्कनीकडे पाहिले. पत्नी हसत होती. मी किल्ली फिरवली.

गाडी चालूच राहिली.

मी पुन्हा फिरवली. किल्ली काढली. किल्ली वर धरून सर्वांना दाखवली, कशासाठी ते माहीत नाही. गाडी चालू होती. मिस्त्रींना फोन लावला.

"किल्लीनं नाही होणार बंद, साहेब. किल्लीत दम नव्हता. डायरेक्ट केलंय."

"मग बंद कशी करायची?"

या वेळी 'होऊन जाईल' आले नाही. आले ते हे: "तुम्ही चालू करायला सांगितली होती."

मास्तर कागद डोळ्यांजवळ नेत होते. "'...आणि तेथे चालकाच्या इच्छेने बंद होते,'" ते संथपणे वाचू लागले. "अक्षर तुमचंच आहे."

"मास्तर, एक मिनिट."

मी बॅटरीची वायर काढली. गाडी चालू राहिली, कारण सुरू झालेले इंजिन स्वतःची वीज स्वतः निर्माण करते. हे मी जमलेल्या लोकांना समजावून सांगितले आणि त्यांनी ते फारशा कौतुकाने घेतले नाही. विमावाले काका म्हणाले, "गिअरमध्ये टाकून भिंतीला टेकवा, बंद पडेल." मास्तर म्हणाले, "भिंत सामाईक मालमत्ता आहे." दंतवैद्य कुंडीचा तुकडा हातात घेऊन जागा मोजू लागले. मी वायरीची चिकटपट्टी सोडवू लागलो. तिच्याखाली दुसरी होती, तिच्याखाली तिसरी. मनात मात्र पद्धत जागी होती: इंधन, हवा, ठिणगी, एका वेळी एक. आधी ठिणगी, ती मूळ स्थितीत आणून मग—

"अहो, सरका."

पत्नी खाली आली होती. तिच्या हातात मिक्सरचे झाकण होते. हवा गाळणारा डबा वाफ्यात असल्याने हवा आत घेणारे कार्ब्युरेटरचे तोंड उघडेच होते. तिने झाकण त्यावर ठेवले आणि तळहाताने दाबले. रबराची कड घट्ट बसली. इंजिन दोनदा ठसकले, एकदा हळहळले आणि थांबले.

अंगणात इतकी शांतता झाली की वर कोणीतरी फ्रीज उघडल्याचे आम्हाला घंटेवरून कळले.

"बंद झाली," काका म्हणाले.

"झाली," मास्तर म्हणाले, "पण चालकाच्या इच्छेने नाही. चालक हे होते. बंद यांनी केली. व्याख्येत बसत नाही." त्यांच्या आवाजात खरी हळहळ होती. दंतवैद्यांनी मोजणे थांबवले.

पत्नीने चालकाचे दार उघडले, आत बसली आणि दोन्ही हात चाकावर ठेवले. "चालक कोण, असं व्याख्येत लिहिलंय का?"

मास्तरांनी कागद पुन्हा वाचला. मला ठाऊक होते, लिहिले नव्हते.

"मग चालक मी. मला गाडी चालू हवी होती, झाली. मला ती बंद व्हायला हवी होती, झाली. दोन्ही इच्छा माझ्याच. मधली फेरी यांनी मारली, पण फेरीला इच्छा लागते असं यांनी लिहिलेलं नाही."

मास्तरांनी कागद खाली घेतला. चौतीस वर्षांच्या अध्यापनात असा विद्यार्थी त्यांना एखादाच मिळाला असावा. त्यांनी खिशातून पेन काढले आणि सही केली. दंतवैद्य कुंड्यांचे तुकडे गोळा करून आत गेले.

जिन्यात मी म्हणालो, "थँक्यू."

"पेटी," पत्नी म्हणाली.

"अगं, पण गाडी तर चालू—"

"तुम्ही केलीत?"

मी प्रामाणिक माणूस आहे. मी पेटी आणून दिली. ती रिकाम्या खणात नेमकी बसली; खण तिने मोजून रिकामा केला होता. सासूबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "भिंत तर नाही ना फोडलीत. तुमचं कमीच गेलं."

संध्याकाळी मी खुर्चीत बसून वहीत अठरावी नोंद कशी लिहावी याचा विचार करत होतो, तेव्हा घंटा वाजली. सवयीने मी फ्रीजकडे पाहिले. त्याचे दार लागलेले होते. घंटा पुन्हा वाजली. मी जाऊन दार उघडले. बाहेर मिस्त्री उभे होते. त्यांचे बोट बटणावर होते.

"ताईंनी बोलावलंय," ते म्हणाले.

मी स्वयंपाकघराकडे वळून पाहिले. पत्नी जमिनीवर बसली होती. बाजूला माझी पेटी उघडी होती आणि एक खाच रिकामी होती. त्या खाचेतला स्क्रू ड्रायव्हर तिच्या हातात होता. चेहऱ्यावर जो भाव होता तो मी जन्मभर आरशात पाहत आलो आहे.

"घंटा दुरुस्त झाली," ती म्हणाली. "आता बटण दाबल्यावर वाजते."

"आणि फ्रीज?"

तिने एक क्षण माझ्या नजरेला नजर दिली नाही.

"फ्रीज," ती म्हणाली, "फक्त बंद आहे."